खिंडीतली करडी फीत

एका राज्यात मानाच्या वस्तूंचा कधी तोटा पडला नाही, कारण तिथल्या राजाला त्या वाटण्याचा भारी सोस. राजाचे नाव विजयध्वज. मनाने मोकळा, प्रजेला जपणारा, पण कुणाच्या अंगावर काही लटकवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. शूराला तांबडा तुरा, जखमीला सोनेरी फूल, नदी पोहून जाणाऱ्याला निळा गोंडा, आणि घोड्यावरून पडून पुन्हा घोड्यावर बसणाऱ्याला हिरवी झालर. राजाच्या स्वतःच्या अंगरख्यावर तर इतकी चिन्हे होती की तो चालू लागला म्हणजे बैलगाडी आलीसे वाटून मुले रस्त्यातून बाजूला होत.

या सगळ्या थाटात एक करडी फीत होती. बोटभर रुंद, दंडाला बांधायची, जर नाही की मणी नाही. मोहिमेवर जो जो गेला त्याला ती मिळे. काय केले, किती मारले, याची चौकशी नाही. होतास ना तिथे? मग घे. दरबारात तिला हजेरीफीत म्हणत. लोक तिला उभ्याची फीत म्हणत, आणि म्हणताना हसत.

हसण्याला कारण झाली मेघखिंडीची मोहीम. राज्याच्या उत्तरेला मेघखिंड, आणि खिंडीपलीकडे धूमकर नावाचा मांत्रिक. त्याच्यापाशी विद्या एकच, धुक्याची. ते धुके माणसाला मारत नसे, नुसते पुसून टाकी. एका हिवाळ्यात त्याने हे राज्य पुसायचे मनात आणले, तेव्हा राजाने सैन्य नेऊन खिंडीत उभे केले. सैन्य हिवाळाभर उभे राहिले. धूमकर खाली उतरला नाही, तलवार म्यानातून निघाली नाही. वसंत लागला, सैन्य घरी आले, आणि प्रत्येकाच्या दंडाला एकेक करडी फीत आली.

गावोगाव चेष्टा सुरू झाली. "काय हो, लढाईत काय केलंत?" "उभे होतो." "अरेरे, बसायला सुद्धा मिळालं नाही!"

येमाजी शिपाई त्या उभ्यांपैकीच एक. उंच अंगाचा, मोठ्या मिशांचा, थोड्या बोलण्याचा. त्याची बायको सगुणी मात्र बोलण्यात कुणाला हार जाणारी नव्हती. पाणवठ्यावर बायका खिजवू लागल्या तेव्हा तिने ठोकून दिले, "आमच्या ह्यांनी तिकडे दोन राक्षस मारले." पुढच्या वर्षी त्या दोनांचे चार झाले. येमाजीच्या कानावर गेले, तेव्हा तो एवढेच म्हणाला, "अगं, आता पुरे कर. इतके राक्षस पुरायला खिंडीत जागा कुठं आहे?"

त्या राज्याची रीत अशी, की बायकोने नवऱ्याचे नाव तोंडी आणू नये. लग्नात एकदा उखाण्यात घेतले की संपले, पुढे जन्मभर 'अहो' आणि 'आमचे हे'. सगुणीनेही लग्नात मान खाली घालून म्हटले होते, "घंगाळात पाणी तापलं ऊन ऊन, येमाजींचं नाव घेते मी घरची सून." त्यानंतर ते नाव तिच्या जिभेवर आले नाही. यायची गरजही पडली नाही, कारण "अहो" म्हटले की येमाजी येई.

वर्षे गेली. राज्याला नवा सेनापती लाभला, शार्दूलराव. त्याची छाती तांबड्या तुऱ्यांनी फुलून गेलेली. तो एके दिवशी राजाला म्हणाला, "महाराज, शूराच्या तुऱ्याशेजारी उभ्याची फीत म्हणजे तुऱ्याचा अपमान. जे सर्वांना मिळते त्यात मान कसला?"

राजाला ते पटले. राजाला पटायला फार वेळ लागत नसे. दवंडी पिटली गेली, की करड्या फिती चव्हाट्यावर आणून जाळाव्यात.

येमाजीने खुंटीवरची फीत काढली आणि तो दाराकडे निघाला. सगुणी आडवी आली.

"कुठं निघालात?"

"जाळायला. हुकूम आहे."

"चांगलं पीळदार सूत आहे. जाळायला तो काय कापूर आहे? द्या इकडे."

"घे. ठेव नाही तर फाड. चिंधीच ती."

हे म्हणताना त्याचा आवाज बसला होता. सगुणीने ते ऐकले, पण तिला वाटले सर्दी झाली असेल. तिने विळीवर फितीचे तीन तुकडे केले. एक वासराच्या गळ्यात बांधला, एकाने लोणच्याच्या बरणीचा दादरा आवळला, एकाने पडवळाचा वेल मांडवाला धरवला. काम झाले आणि कापडही वाया गेले नाही, म्हणून ती मनात खूश झाली.

दुसऱ्या सकाळी मेघखिंडीतून धुके उतरले. ते अंगणात आले, परसात गेले, गोठ्यात शिरले आणि निघून गेले. सगुणी पाहते तो वासराचा गळा मोकळा, बरणी उघडी, वेल खाली लोळतोय. आणि येमाजी न्याहारीला बसला, तर भिंतीवर त्याची सावली पडेना.

दुपारी त्याचा आवाज शेजारच्या घरातून आल्यासारखा येऊ लागला. तिसऱ्या प्रहरी त्याच्या अंगातून पलीकडची चूल दिसू लागली. दिवस कलला तेव्हा मिशा तेवढ्या उरल्या होत्या, त्याही उजेडात पाहिल्या तर. मग त्याही गेल्या. राज्यात घरोघरी हेच झाले. मेघखिंडीत जे उभे होते ते सारे पुसले गेले, आणि त्यांच्या मागोमाग त्यांची आठवणही निघाली. सगुणी रडत शेजारणीकडे गेली, तर शेजारीण गोंधळून म्हणाली, "तुला नवरा होता? आम्हाला वाटलं, तू पहिल्यापासून एकटीच."

सगुणी घरी परतली. ती दारच्या उंबराखाली मटकन बसली. उंबरावर तांबट पक्षी होता, हिरव्या अंगाचा, कपाळी लाल टिळा ल्यालेला. तो टुक टुक करायचा थांबला आणि मनुष्यवाणीने बोलला.

"बाई, रडू नकोस. मेघखिंडीच्या उंबरावर मी होतो. हिवाळा संपला तेव्हा धूमकर बोलला ते मी ऐकले आहे. तो म्हणाला, 'जोवर या लोकांच्या दंडाची फीत हे जपतील, तोवर मी खिंडीपलीकडे. ज्या दिवशी हेच ती टाकतील, त्या दिवशी मी येईन, आणि जे उभे होते त्यांना आधी नेईन.'"

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस, मेल्या?"

"सांगत होतो. सगळे म्हणाले, तांबट टुकटुक करतो आहे."

तांबट पुढे म्हणाला, "शाप साऱ्यांवर मिळून एकच आहे. एकाच्या दंडाला फीत परत चढली की सर्वांची सुटका आहे. पण साऱ्या राज्यात न जळलेली फीत एकच, तुझ्या घरची. तिचा एक तुकडा कासवाच्या डोहात आहे, एक काटेवनात, एक धूमकराच्या मनगटाला. अमावास्येच्या आत ते एक कर. आणि चालताना थांबू नकोस. आज नवरा तुझ्या डोळ्यांपुढून गेला, उद्यापासून मनातून जाऊ लागेल."

सगुणीने पदर खोचला, शिदोरी घेतली, आणि ती निघाली. तांबट तिच्या डोक्यावरून उडत चालला.

डोहाशी आली. डोहात कासव होते, पाठीवर शेवाळ आणि शेवाळात जुन्या तलवारी. कासवाने मान वर काढली.

"काय हवे?"

"करड्या फितीचा तुकडा."

"पाण्यात ये. फितीच्या धन्याने वैरी किती मारले ते सांग. खरे असेल तर तुकडा वर येईल. खोटे असेल तर तू खाली जाशील."

सगुणी गुडघाभर पाण्यात उभी राहिली. तिच्या तोंडात राक्षस तयारच होते. "चार," ती म्हणाली. पाणी कमरेला आले. "थांबा, मोजताना चूक झाली. दोन." पाणी गळ्याशी आले. हनुवटीला गार पाणी लागले, तेव्हा सगुणी जिवाच्या आकांताने ओरडली, "एकही नाही! माझ्या नवऱ्याने कुणालाही मारलं नाही!"

पाणी सरसर उतरले आणि करडा तुकडा तरंगत तिच्या हाताशी आला. कासव म्हणाले, "यात ओरडण्यासारखे काय होते?"

सगुणी निथळत बाहेर आली. तिला जरा हलकेही वाटत होते. पण वाटेत शिदोरी सोडली आणि घास तिच्या हातातच राहिला. हे भाकरी दुधात कुस्करून खातात की ताकात, तेच तिला आठवेना.

काटेवन आले. त्या वनाची तऱ्हा अशी, की हलणाऱ्याला काटे धरतात. पळणाऱ्याला पहिले धरतात. तांबट म्हणाला, "मधोमध जाऊन उभी राहा. सूर्य डोक्यावरून जाऊन मावळेपर्यंत जागची हलू नकोस. तुकडा आपण होऊन येईल."

"एवढंच? नुसतं उभं राहायचं?"

"एवढेच," तांबट म्हणाला आणि झाडावर जाऊन बसला.

सगुणी वनाच्या मध्यावर जाऊन उभी राहिली. पहिला प्रहर बरा गेला. मग नाक खाजू लागले. मग मुंगी पायावर चढली, आणि मुंगी चढली की ती थांबत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. ऊन चढले, जीभ टाळ्याला चिकटली, टाचांतून कळा निघू लागल्या. सगुणी जन्मात कधी स्वस्थ उभी राहिली नव्हती. चुलीवर एक हात, जात्यावर एक हात, अशी तिची रीत. हात रिकामे आणि पाय जागच्या जागी, म्हणजे मनात भलभलते येऊ लागले. मागे काहीतरी सरपटले. मान वळवावीशी वाटली, ती तिने वळवली नाही. कोणीतरी तिच्या आईच्या आवाजात म्हणाले, "सगुणे, घरी चल गं." तिचे पाऊल उचलले जायला निघाले आणि काटे कुरकुर करीत जवळ आले. तिने पाऊल जमिनीत रोवले आणि दात आवळून ती उभी राहिली.

सूर्य मावळला. काटे मऊ पडले, फांदी खाली झुकली, आणि दुसरा तुकडा तिच्या तळहातावर आला. सगुणी तिथेच खाली बसली आणि पाय चोळत रडली. दुखत होते म्हणून थोडी, आणि जास्त यासाठी, की हिवाळाभर हे काय करून आले ते तिने एकदाही विचारले नव्हते. राक्षस मोजत बसली, पण "थंडी फार होती का हो?" एवढे सुद्धा विचारले नाही.

ती उठली, आणि चालता चालता तिच्या मनातून त्याचा आवाज गेला.

मेघखिंडीच्या माथ्यावर धूमकर बसला होता. म्हातारा, किडकिडीत, चातीवर धुके कातत. मनगटाला करडा तुकडा.

"ये बाई. फीत मागायला आलीस?"

"हो. द्या."

"देतो. माझ्या काही कामाची नाही ती. आधी मला सांग, हिला तुम्ही उभ्याची फीत का म्हणता?"

"तिथं नुसते उभे होते म्हणून."

धूमकर हसला. "या खिंडीत हाताला हात दिसेना, असे धुके मी रोज सोडत होतो. एकटा माणूस माझ्या धुक्यात घटकाभर टिकत नाही. पण तुझ्या लोकांनी रांग धरली. एकाने शेजारच्याला हाक मारायची, त्याने ओ द्यायची, आणि मग त्याने पुढच्याला हाक मारायची. सकाळपासून सकाळपर्यंत. कुणी जेवताना ओ देई, कुणी तापात ओ देई. मी त्यांना घरच्यांच्या आवाजात बोलावले. पाय उचलले जात, पण शेजारून हाक येई आणि ते पुन्हा ओ देत. ज्याला कुणी हाक मारतो आहे, त्याला मला पुसता येत नाही. हिवाळाभर मी इथे बसून ऐकले. तलवारीची मला भीती नाही बाई. त्या ओरडण्याने माझे डोके उठले."

त्याने तुकडा सोडून तिच्या हातावर ठेवला. "तुकडे तू शिवशील. पण गाठ बायकोने मारून चालणार नाही. खिंडीत तुझ्या नवऱ्याच्या डाव्या हाताला जो उभा होता, त्यानेच हाक मारायची, आणि ओ आली की त्यानेच बांधायची."

"तो कोण?"

"भानजी. तोच एकदा रांग सोडून पळाला होता. माझ्या मुठीत आला होता. तुझ्या नवऱ्याने दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत त्याला हाका मारल्या. घशातून रक्त आले तरी मारल्या. शेवटी त्याने ओ दिली आणि तो परत जाऊन उभा राहिला. आज त्याला शार्दूलराव म्हणतात. फिती जाळायला त्यानेच लावल्या. तो येईल असे तुला वाटते?"

सगुणीने तुकडा पदरात बांधला. कुणाच्या घरून निघताना म्हणावे तसे ती सवयीने म्हणाली, "बरं, येते हो धूमकरबाबा." मांत्रिकाच्या हातातली चाती खाली पडली. त्याला नावाने कुणी कधी बोलावले नव्हते. पण शाप तो शाप. अमावास्या दोन दिवसांवर आली होती.

सगुणीने वाटेतच सुई काढून तुकडे शिवले आणि दुसऱ्या दिवशी सूर्य वर आला तेव्हा ती दरबारात उभी राहिली. राजा सिंहासनावर खळखळत सावरून बसला. शेजारी सेनापती. लोक त्याच्या तुऱ्यांकडे पाहात, तोंडाकडे कुणी पाहात नसे, म्हणून कुणाच्या ध्यानात आले नव्हते. सगुणीने पाहिले. तुऱ्यांवर, पागोट्याखाली, तोंड जवळजवळ उरले नव्हते. तोही खिंडीत होता. त्याचीही फीत जळली होती. तुऱ्यांच्या आधाराने तेवढा अंगरखा बसला होता.

"बोल बाई," राजा म्हणाला. "कोणासाठी आलीस?"

"महाराज, माझ्या..." सगुणी म्हणाली आणि थांबली. हातात फीत होती, पायात काटे होते, इतक्या दूर ती आली होती, आणि कोणासाठी ते नाव तिला सापडेना. तिने उखाण्याचा आधार घेतला. "घंगाळात पाणी तापलं ऊन ऊन..." पुढे नावाची जागा रिकामी होती. तिने पुन्हा पहिल्यापासून म्हटले. पुन्हा तीच रिकामी जागा आली. "...चं नाव घेते मी घरची सून," तिने कसेबसे संपवले.

दरबारात कोणी तरी हसले. राजा हसला नाही. "तिला पाणी द्या," तो म्हणाला.

सगुणी सेनापतीकडे वळली. तो पळाला होता हे ती बोलू शकत होती. ते तिच्या ओठांवर आलेही होते. पण ती म्हणाली, "भानजी, तुम्हाला त्यांचं नाव माहीत आहे. मला एकदा सांगा. उद्या मी सगळंच विसरेन. निदान आज, काय विसरणार आहे तेवढं तरी कळू द्या."

सेनापतीने नुसते गप्प राहायचे, एवढेच त्याला करायचे होते. उद्या अमावास्या. मग त्या दिवशी खिंडीत कोण पळाले हे सांगणारा कुणीच उरणार नव्हता. नाव ठेवणारे कुणी नाही, तुरे जागच्या जागी. हे त्याला कळत होते, आणि ही बाई त्याच्यापुढे निथळत्या डोळ्यांनी उभी होती.

तो उठला. "येमाजी," तो म्हणाला. "त्याचे नाव येमाजी. महाराज, मी मेघखिंडीत रांग सोडून पळालो होतो. त्याने मला हाका मारून परत आणले आणि जन्मात कुणाला सांगितले नाही. करडी फीत दिसली की मला तो दिवस आठवे. म्हणून मी त्या जाळायला लावल्या. तुऱ्यांच्या मानासाठी नव्हे."

राजा हळू आवाजात म्हणाला, "मग हे तुरे?"

"ते खरे आहेत, महाराज. पुढच्या लढायांतले आहेत. पण त्या लढायांना मी गेलो, तो खिंडीतून परत आलो म्हणून."

"येमाजी," सगुणी स्वतःशी म्हणाली. तिने ते घट्ट धरून ठेवले आणि सगळा रस्ता ती ते म्हणत राहिली. रीत गेली खड्ड्यात, असे तिला वाटले.

सगुणीने हाकेची आणि गाठीची अट सांगितली, आणि राजा, सेनापती, दरबार, सगळे तिच्या अंगणात आले. धुके गुडघ्यापर्यंत होते आणि चढत होते. सेनापतीने घसा साफ केला. "येमाजीराव!" उत्तर नाही. "येमाजी शिपाई, सेनापतींच्या आज्ञेने हजर व्हावे!" धुके कमरेपर्यंत आले.

उंबरावरून तांबट म्हणाला, "खिंडीत अशीच हाक मारत होतास का?"

सेनापतीने राजाकडे पाहिले, दरबाराकडे पाहिले. मग पागोटे काढून ओट्यावर ठेवले, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "ए येम्याऽऽ!"

दरबारी दचकले. धुके थबकले. ओ आली नाही. त्याने पुन्हा हाक मारली. पुन्हा मारली. ऊन कलले, त्याचा घसा बसला, सगुणीने तांब्याने पाणी दिले ते पिऊन त्याने पुन्हा हाक मारली. "ए येम्या! अरे, मी भान्या! ए येम्या!" आवाज फाटला, आता नुसता वारा निघत होता, तरी तो थांबला नाही. सगुणी पदराचे टोक चावत उभी होती आणि राजाने आपल्या छातीवर हात धरला होता, खळखळ होऊ नये म्हणून.

आणि गोठ्याच्या बाजूने आवाज आला, "ओ! आलो रे भान्या, कशाला बोंबलतोयस?"

सगुणीने तो आवाज ओळखला.

सेनापती हवेत चाचपडत गेला. त्याच्या हाताला एक दंड लागला. त्याने करडी फीत त्याला गुंडाळली आणि गाठ मारली. आधी दंड दिसला, मग कोपर, मग खांदा, मग तोंड. मिशा सगळ्यांत शेवटी आल्या. आणि इकडे तुऱ्यांच्या अंगरख्यावर भानजीचे तोंड उमटले, ओले आणि लालबुंद.

"अहो," सगुणी म्हणाली. येमाजीने तिच्या पायांतले काटे पाहिले. तो तिला ओट्यावर बसवून एकेक काटा काढू लागला, राजा समोर उभा आहे हे विसरून.

गावातून हाका उठल्या. "ए सुब्या!" "ओ!" "ए धोंड्या!" "ओ!" या गावातून त्या गावात, या डोंगरावरून त्या डोंगरावर. आपापल्या अंगणात उभे राहून माणसे परत येत होती आणि पुढच्याला बोलावत होती. धुके उठले, गोळा झाले आणि खिंडीपलीकडे निघून गेले. दिवस मावळण्याआधी उत्तरेचे डोंगर लख्ख दिसू लागले.

राजाने तिथेच आज्ञा मोडीत काढली. नव्या करड्या फिती विणाव्यात, आणि ज्याची त्याने आपल्या जोडीदाराकडून बांधून घ्यावी, असे ठरले. मग राजा जरा घुटमळला आणि त्याने आपला दंड पुढे केला. "एक मलाही बांधा."

सगुणी म्हणाली, "महाराज, आपण नव्हता ना तिथं."

राजाचे तोंड एवढेसे झाले. त्याने अंगावरची सगळी चिन्हे एकदा न्याहाळली, मग दंडाकडे पाहिले, आणि तो हसला. "खरे आहे. पुढच्या हिवाळ्यात मी येईन." आणि पुढच्या हिवाळ्यात तो खरोखर गेला. थंडीने चिन्हे गारठून टोचू लागली तेव्हा त्याने ती काढून गाठोड्यात बांधली, आणि त्यानेही ओ दिली. पण ते पुढचे.

सगळ्यांनी नव्या फिती बांधल्या. भानजीने बांधली नाही. "आपल्या हाताने जाळणाऱ्याला कसली फीत?" म्हणाला आणि तुऱ्यांसकट रिकाम्या दंडाने वावरू लागला. काही दिवसांनी सगुणीने त्याला जेवायला बोलावले. तो आला, खाली मान घालून जेवला, हात धुतले आणि उठायला लागला.

"बस रे," येमाजी म्हणाला. मग दंडाची फीत सोडत बायकोला म्हणाला, "कात्री आण गं."

"कशाला?"

"हिचे दोन करू."

सगुणी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अहो, नाकातोंडात पाणी जाईपर्यंत डोहात उभी होते मी. काट्यांत दिवस काढला. शिवताना बोटं भोसकून घेतली."

"माहीत आहे."

"आणि पळाले होते ते," ती हळूच म्हणाली. तिचे हळूच म्हणणे अंगणापर्यंत ऐकू जाई. भानजीने मान आणखी खाली घातली.

"पळाला होता," येमाजी म्हणाला. "आणि परत येऊन उभा राहिला. तोंड दाखवायची लाज वाटत असताना आला, आणि पुढचा सगळा हिवाळा माझ्या डाव्या हाताला होता. मला ताप भरला तेव्हा दोघांच्या ओ त्यानंच दिल्या. त्याची हजेरी कुणी लावायची?"

सगुणी आत गेली. मग कात्री घेऊन आली, पण येमाजीच्या हातात दिली नाही. फीत मांडीवर पसरून, शिवण उसवणार नाही असे बघत, तिनेच ती बरोबर मधोमध कापली.

भानजीला दंड पुढे करवेना. येमाजीने तो ओढून घेतला, करडा तुकडा गुंडाळला, आणि सुटू नये म्हणून गाठ दोनदा मारली. तेव्हापासून त्या राज्यात ज्याचे ते जागच्या जागी आहे. खिंडीपलीकडे धुके, खिंडीअलीकडे माणसे, आणि दोन दंडांवर एक फीत.